मासळीचा परदेशप्रवास : जाळ्यापासून शीतपेटीपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या कापूसबाजारात ‘ऊमरा’ या नावाचा एक माल विकला जात असे. हे नाव म्हणजे अमरावतीचे इंग्रज व्यापाऱ्यांच्या जिभेवर झालेले रूप होय. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी आली आणि हे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे पुढे खानदेशाचा व मध्यप्रांताचा कापूसही त्याच नावाखाली मोडू लागला. गावाचे नाव उरले, परंतु ते त्या गावाचे राहिले नाही. ते एका प्रतीचे नाव झाले. दूरच्या बाजाराकडे निघालेल्या बहुतेक मालाचे असेच होते. मासळीच्या बाबतीत मात्र ही क्रिया इतकी पुढे गेली आहे की गावाचे, बंदराचे, किंबहुना पुष्कळदा माशाच्या जातीचेही नाव वाटेतच गळून पडते आणि ग्राहकाच्या हाती एक पांढरा, गोठलेला, बिनचेहऱ्याचा तुकडा येतो. हे कसे घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वऱ्हाडला समुद्र नाही. लोहमार्गाने अकोल्याहून मुंबई ५०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. तथापि अकोला-अमरावतीकडील आठवडी बाजारांतून सुके बोंबील, सुकट आणि सोडे यांचे ढीग मांडलेले असतात, व पावसाळ्यात भाजी महागली म्हणजे त्यांच्याभोवती गिऱ्हाईक वाढते. समुद्र व वऱ्हाड यांचा हा संबंध जुना आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचला. तो मुख्यतः कापूस नेण्यासाठी होता. परंतु रिकाम्या परतणाऱ्या डब्यांना काही ना काही माल हवाच असतो, आणि सुकी मासळी हा बर्फावाचून टिकणारा, वजनाला हलका व सामान्य कुटुंबाला परवडणारा माल होता.

मासळीच्या साऱ्या व्यापाराचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. मासा मेल्याबरोबर त्याच्या अंगातीलच पाचकद्रव्ये त्याचे मांस विरघळवू लागतात, आणि त्वचेवरील, कल्ल्यांतील व आतड्यांतील जिवाणू आत शिरू लागतात. उष्ण हवेत या क्रियेला काही तास पुरतात. तिला अडविण्याचे मार्ग दोनच : पाणी काढून टाकणे किंवा उष्णता काढून टाकणे. पहिला मार्ग कोळ्यांचा, दुसरा कारखान्यांचा. या दोन मार्गांतील अंतर केवळ तंत्राचे आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः मासळीचा पैसा कोणाच्या हाती राहावयाचा, हेही त्यावरूनच ठरत आले आहे.

पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण बोंबील. उत्तर कोकणच्या उथळ समुद्रात भरती-ओहोटीचे प्रवाह जोरकस असतात. त्या प्रवाहाच्या तोंडाशी खुंट किंवा नांगर टाकून पिशवीच्या आकाराचे ‘डोल’ जाळे बांधून ठेवतात. जाळे माशाच्या मागे धावत नाही, प्रवाहच मासा जाळ्यात आणून सोडतो. अर्नाळा, वसई, उत्तन, मढ, वर्सोवा येथील कोळीवाड्यांचे जीवन या जाळ्यावर उभे राहिले. बोंबलाच्या अंगात शंभरांत सुमारे ८५ ते ९० भाग पाणीच असते, त्यामुळे तो ताजा असता दूर जाऊ शकत नाही. बांबूच्या उभ्या-आडव्या वलांड्यांवर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून टांगले, की वारा व ऊन त्यांतील पाणी ओढून घेतात. हिशेबाने पाहता एक किलो सुका बोंबील व्हावयास सहा-सात किलो ताजा बोंबील खर्ची पडतो. हे काम बहुधा स्त्रिया करतात, आणि विक्रीही त्याच करतात. येथे भांडवल म्हणजे बांबू, दोर, वारा आणि श्रम. कारखाना नाही, वीज नाही. आणि म्हणूनच पकडणाऱ्याच्या घरापर्यंत पैशाचा बराच भाग पोचू शकतो.

दुसऱ्या मार्गाचा भारतातील प्रारंभ १९५३ साली झाला असे मानतात. त्या वर्षी कोचीहून गोठविलेली कोळंबी अमेरिकेस रवाना झाली. तोपर्यंत भारताची मासळी-निर्यात म्हणजे प्रामुख्याने सुकी मासळी व सुकी कोळंबी, आणि तिचे गिऱ्हाईक सिलोन, ब्रह्मदेश असे शेजारचे देश. याच सुमारास, म्हणजे १९५२ च्या करारानुसार, केरळातील नीण्डकरा येथे नॉर्वेच्या साहाय्याने एक योजना सुरू झाली. गरीब मच्छीमारांचे आरोग्य व आहार सुधारावा हा तिचा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात यांत्रिक नौका, बर्फाचा कारखाना व शीतगृह ही साधने जशी आली, तशी त्यांनी कोळंबी शोधून काढली आणि कोळंबीने परदेशी गिऱ्हाईक शोधून काढले. आहारसुधारणेसाठी आणलेली नौका परकी चलन मिळविण्याच्या कामी लागली. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. ज्या मालाला दहापट भाव मिळतो तो घरी खाल्ला जात नाही, हा अनुभव वऱ्हाडच्या शेतकऱ्यासही अपरिचित नाही. निर्यातीस वळण लावण्यासाठी १९७२ च्या कायद्यान्वये कोची येथे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि तोवर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही समुद्राचा तळ खरवडून काढणारी ट्रॉल जाळी रुळू लागली होती.

मुंबईचा ससून डॉक हे या व्यापाराचे एक जुने नाके आहे. अल्बर्ट ससून यांनी १८७५ मध्ये हा धक्का बांधला तो कापसाच्या व्यापारास सोयीचा व्हावा म्हणून. वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईतून जगाकडे गेला, तिच्याच कापूसधक्क्यावर आज पहाटे मासळीचा लिलाव होतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ट्रॉलर समुद्रात कित्येक दिवस राहतात. पकडलेली मासळी खणात बर्फाच्या थरांत दाबून ठेवतात. पहिल्या दिवशीची मासळी व शेवटच्या दिवशीची मासळी एकाच धक्क्यावर उतरते, आणि अनुभवी दलाल कल्ल्यांचा रंग व डोळ्याचा उभार पाहून दोहोंचे भाव निराळे बोलतो. नौकेच्या मालकाने डिझेल-बर्फासाठी ज्याच्याकडून आगाऊ रक्कम घेतली असेल, त्यालाच माल द्यावा लागण्याचा प्रघात अनेक बंदरांत आहे. तेथे लिलावाचा अर्थ किती उरतो, हे सांगावयास नको.

धक्क्यावरून माल कारखान्यात जातो. कोळंबीची डोकी काढणे, ती सोलणे, पाठीतील काळा दोरा काढणे ही कामे अद्यापि पुष्कळशी हातांनी होतात, आणि ते हात बहुतांशी स्त्रियांचे असतात. गुजरातेतील वेरावळच्या कारखान्यांतून केरळच्या तरुण मुली हे काम करीत आल्या आहेत. समुद्राकडची मासळी एका दिशेने जाते तर तिला सोलणारी माणसे दुसऱ्या दिशेने येतात; या व्यापारातील प्रवासी केवळ मासेच नव्हेत. नंतर कोळंबीची प्रतवारी होते. ही प्रतवारी एका पौंडात किती नग बसतात यावर चालते : १६ ते २०, २१ ते २५, २६ ते ३० असे वर्ग. ज्या देशाने पौंड कधीच सोडला, त्या देशातील कामगार स्त्री अजूनही अमेरिकन गिऱ्हाइकासाठी पौंडातील नग मोजत असते. प्रतवारीनंतर उणे ३५ ते उणे ४० अंश तपमानाच्या धातूच्या पाट्यांमध्ये दाबून मालाचे ठोकळे गोठवितात, त्यांवर पाण्याचा पातळ थर चढवून बर्फाचे कवच करतात, म्हणजे मांस कोरडे पडत नाही. हे कवच आवश्यक असते. पण पाण्याचेही वजन होते, हे विसरून चालत नाही. त्यामुळे खरेदीदार व विक्रेता यांच्यातील तंट्यांचे एक नित्याचे कारण म्हणजे कवचासह वजन की कवचावाचून, हेच असते. शेवटी उणे १८ अंश राखणाऱ्या शीतपेटीतून माल न्हावा-शेवा बंदराकडे जातो. त्या क्षणापासून काळाची घाई संपते. जो मासा काही तासांत नासणारा होता, तो आता वर्षभर वाट पाहू शकतो. आणि जो वाट पाहू शकतो तो कोठेही जाऊ शकतो.

रत्नागिरीकडे या व्यापाराचे आणखी एक अंग पाहावयास मिळते. माकूल स्पेन-इटलीस, वाकटी चीनला, अशा वाटा ठरून गेल्या आहेत; कारण कोकणात जी वाकटी गरिबाघरची मानली जाते तिला चीनमध्ये आवडीने खाणारे लोक आहेत. परंतु राणी मासा, ढोमा यांसारख्या लहान, काटेरी मासळीला परदेशी ताटात जागा कशी मिळावी? त्याचे उत्तर जपानने शोधले. माशाचे मांस काट्यांपासून वेगळे करून बारीक करावयाचे, थंड पाण्याने पुनःपुन्हा धुऊन त्यातील रक्त, चरबी, वास व पाण्यात विरघळणारी द्रव्ये घालवावयाची. मग उरतो तो स्नायूंतील प्रथिनांचा पांढरा, जवळजवळ बेचव लगदा. यालाच ‘सुरिमी’ म्हणतात. हा लगदा साधा गोठविला तर प्रथिनांची घडण मोडते व त्याचा चिवटपणा नाहीसा होतो. १९६० च्या सुमारास होक्काइडो येथील संशोधकांना असे आढळले की त्यात साखर मिसळली असता ही मोड टळते. एवढ्या एका शोधाने किनाऱ्यावरचा नाशवंत उद्योग जगभर पसरणारा उद्योग झाला. रत्नागिरीच्या गद्रे मरीन या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात सुरिमीचे उत्पादन हाती घेतले आणि हे नगर त्या व्यापाराच्या नकाशावर आले. येथील ठोकळे परदेशी पोचले, म्हणजे त्यांत पिष्ट, अंड्याचा पांढरा बलक, स्वाद व लाल रंग घालून ‘खेकड्याच्या कांड्या’ करतात. त्यांत खेकडा सहसा नावापुरताच असतो. राणी मासा आपले नाव टाकून खेकड्याचे नाव घेतो आणि मोठ्या भावाने विकला जातो.

नाव हरविण्याची याहून दूरची गोष्ट उत्तर अटलांटिकमध्ये घडते. नॉर्वेच्या समुद्रात पकडलेला कॉड मासा डोके व आतडी काढून जहाजावरच गोठवितात. तो शीतपेटीतून चीनमधील चिंगदाओ किंवा दालियान येथे जातो. तेथे वितळवून, हाताने चिरून, बारीक काटे चिमट्याने उपटून पुन्हा गोठविला जातो आणि युरोप-अमेरिकेकडे परत पाठविला जातो. अर्ध्या पृथ्वीची प्रदक्षिणा करून मासा पुष्कळदा आपल्याच समुद्राकाठी विकावयास येतो. हा वेडेपणा वाटतो, परंतु हिशेब चोख असतो. कुशल हात यंत्रापेक्षा काट्याजवळचे मांस अधिक काढतात. मजुरी कमी पडते. आणि मोठ्या शीतपेटीत सुमारे २५ टन माल मावत असल्यामुळे किलोमागे जहाजभाडे थोडेच येते. शिवाय परत पाठविण्यासाठीच आणलेल्या कच्च्या मालावर चीन सीमाशुल्क घेत नाही. तेथील सरकारी हिशेबात या साऱ्या उलाढालीस ‘प्रक्रिया-व्यापार’ असेच स्वतंत्र सदर आहे.

अशा मालाला जन्मगाव कोणते म्हणावयाचे? जेथे मासा पकडला ते, की जेथे तो चिरला ते? सीमाशुल्काचे कायदे सामान्यतः असे मानतात की ज्या देशात मालाचे रूप मूलतः पालटले तो त्याचा देश. या नियमाचा एक परिणाम २०२२ नंतर ठळकपणे दिसला. त्या वर्षी अमेरिकेने रशियन मासळीची आयात बंद केली. तथापि रशियन पोलॉक व कॉड चीनमध्ये चिरला जाऊन चिनी माल म्हणून अमेरिकेत येतच राहिला. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये, तिसऱ्या देशात प्रक्रिया झालेली असली तरी मूळ रशियन असलेली सामन, कॉड, पोलॉक व खेकडे यांची आयातही निषिद्ध करावी लागली. बंदीच्या आज्ञेस पावणेदोन वर्षांनी पुरवणी जोडावी लागली ती केवळ एका सुरीच्या कापामुळे.

हे नियम दूरच्या राष्ट्रांचे असले तरी कोकणच्या होडीपर्यंत त्यांचा हात पोचतो. कोळंबीच्या जाळ्यात कासवे सापडून मरतात म्हणून, त्यांना निसटण्याची सोय नसलेल्या जाळ्यांतील सागरी कोळंबी घ्यावयाची नाही, असा कायदा अमेरिकेने १९८९ मध्ये केला. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या अंमलबजावणीच्या रीतीवर ठपकाही बसला. परंतु अशी अट घालता येते हे तत्त्व टिकले, आणि २०१९ मध्ये भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी त्या बाजारात जाण्याचे थांबले. तळ्यात वाढविलेल्या कोळंबीस ही अडचण नव्हती. कासवाचे रक्षण इष्ट आहे यात शंका नाही. तरी या नियमाने समुद्रावर जाणारा मागे पडला व तळ्याचा मालक पुढे गेला, हेही नोंदविले पाहिजे.

बोंबलाचा प्रसंग तर अधिकच बोलका आहे. १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीत रोगजंतू आढळल्यावरून तिच्या आयातीस मज्जाव केला आणि पुढे ज्या कारखान्यांना मान्यता मिळेल त्यांच्याच मालास दार उघडले. बोंबील कोणत्याही कारखान्यात तयार होत नव्हता. तो वलांडीवर तयार होत होता. सबब ज्या सुक्या बोंबलाविरुद्ध कोणाची स्वतंत्र तक्रार नव्हती, तोही इंग्लंडमधील दुकानांतून नाहीसा झाला. तेथील शौकिनांनी बरीच ओरड केली, दोन्हीकडील अधिकाऱ्यांत बोलणी झाली आणि शेवटी तोडगा निघाला : मासा उघड्या हवेत सुकविला तरी चालेल, मात्र तो मान्यताप्राप्त केंद्रात बांधला गेला पाहिजे. म्हणजे सुकविणारी कोळीण कायम राहिली. पण तिच्या व गिऱ्हाइकाच्या मध्ये एक इमारत आली, आणि इमारत ज्याची त्याचा वाटा आला. स्वच्छतेचे नियम अन्यायाचे आहेत असे यावरून म्हणता येणार नाही, कारण रोगजंतू काल्पनिक नव्हते. परंतु नियम भिंती, फरशी, नळ आणि नोंदवह्या यांच्या भाषेत लिहिलेले असतात, आणि ज्याच्यापाशी भिंतच नाही त्याचा माल चांगला असूनही त्या भाषेत सांगता येत नाही.

आता वऱ्हाडचा या व्यापाराशी असलेला दुसरा संबंध पाहावयाचा. २००९ मध्ये भारतात ‘व्हॅनामी’ ही मूळची पॅसिफिक किनाऱ्यावरील कोळंबी वाढविण्यास परवानगी मिळाली आणि विशेषतः आंध्र प्रदेशात तिची तळी झपाट्याने वाढली. २०२३–२४ मध्ये भारताने १७,८१,६०२ टन सागरी उत्पादने निर्यात केली व त्यांचे मूल्य ६०,५२३.८९ कोटी रुपये होते. त्यातील ४०,०१३ कोटींहून अधिक रक्कम एकट्या गोठविलेल्या कोळंबीची होती. या कोळंबीला खाद्य लागते. त्यातील प्रथिने दोन ठिकाणांहून येतात. एक मासळीची भुकटी : ट्रॉल जाळ्यात सापडलेली लहान, हलक्या भावाची मासळी शिजवून, दाबून, वाळवून ती तयार होते, आणि चार-पाच किलो ताज्या मासळीपासून एक किलो भुकटी निघते. हीच मासळी पूर्वी मीठ लावून वाळूत सुकविली जाई व आतील मुलखातल्या बाजारांत जाई. दुसरे ठिकाण सोयाबीनची पेंड. आणि येथे अकोला-अमरावतीचे काळे शेत प्रत्यक्ष या साखळीत येते. मोंढ्यात विकलेल्या सोयाबीनचे तेल एकीकडे जाते, पेंड दुसरीकडे. त्या पेंडीचा काही अंश आंध्रातील तळ्यात कोळंबीचे मांस होतो, आणि ते मांस पौंडात नग मोजून अमेरिकेस जाते. पुष्कळ शेतकऱ्यांना हे ठाऊक नसते. पण भाव मात्र ठाऊक असतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेले, तेव्हा पेंडीच्या महागाईने कोंबडीपालक व मत्स्यखाद्याचे कारखानदार दोघेही त्रस्त झाले होते. त्याच महिन्यात सरकारने १२ लक्ष टन जनुकबदल सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली, आणि नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास उतरला. उतरण्यास नव्या पिकाची आवकही कारण होतीच. तथापि पेरणीच्या वेळी ज्याने उंच भाव पाहिला होता त्याला कापणीच्या वेळी दुसराच भाव मिळाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्या वेळी आंध्रातील तळ्यांवर जी चिंता पसरली तिचा धागाही दूरवरून का होईना, या पेंडीपर्यंत येतो.

वऱ्हाडातील स्वतःची मासेमारी या साऱ्याहून अलिप्त आहे. मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणात किंवा अकोल्याच्या काटेपूर्णा जलाशयात भोई पहाटे जाळे काढतात आणि त्यातील कटला, रोहू, मृगळ त्याच दिवशी आसपासच्या बाजारात विकले जातात. मासा कोणत्या पाण्यातला, हे विकणारा सांगतो व घेणारा विचारतो. प्रमाणपत्राची गरज पडत नाही. याच बाजारात शेजारी बर्फाच्या पेट्यांतून आंध्रचा रोहू उतरलेला असतो. तो आकाराने सारखा, पुरवठ्याला नेमाचा आणि भावाला बहुधा सवंग असतो. धरणाचा ठेका घेणाऱ्या संस्थेला स्पर्धा करावयाची असते ती त्याच्याशी.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून समुद्रातील पकडीचे प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. मासा कोणत्या नौकेने, कोणत्या क्षेत्रात, केव्हा व किती पकडला हे त्यात लिहावे लागते, आणि माल वाटेत दुसऱ्या देशात चिरला गेला असल्यास त्या कारखान्याचे निवेदन निराळे जोडावे लागते. लहान होड्यांना एक सवलत आहे. एकेका होडीचा माल थोडा असल्यामुळे निर्यातदार अनेक होड्यांची पकड एकाच प्रमाणपत्रात एकत्र करू शकतो. तेथे होड्यांची नावे व क्रमांक एकाखाली एक लिहिलेले असतात. ते प्रमाणपत्र मालाबरोबर बंदरातील अधिकाऱ्यापर्यंत जाते आणि तेथील दप्तरात राहते. पुढे दुकानात जाणाऱ्या पाकिटावर बहुधा विक्रेत्या कंपनीचे नाव, वजन आणि शिजविण्याची कृती छापलेली असते.